तुम्ही विचारलंत म्हणून: ठसका लागत नाही, मग पाणी बंद का?

मी स्पीच थेरपिस्ट आहे; बोलण्याबरोबर गिळण्याच्या अडचणीही बघते. पॅरालिसिसच्या पेशंटपाशी बसलेली घरची माणसं मला हे सारखं विचारतात. "मॅडम, बाबा पाणी मागतायत. मघाशी दोन चमचे दिले, ठसकासुद्धा लागला नाही. मग का नको?"

तहानलेल्याला पाणी नाकारणं आपल्याला जमत नाही. त्या प्रश्नातला राग मला कळतो. पण मला धास्ती वाटते ती न लागलेल्या ठसक्याचीच.

गिळताना श्वास थांबतो, स्वरयंत्र वर सरकतं, स्वरतंतू मिटतात. सगळं सेकंदाभरात. पाणी पातळ, धावतं. वाट बंद व्हायला जरा उशीर झाला की ते श्वासनळीत शिरतं. धडधाकट माणूस तिथे खोकून बेजार होतो. पॅरालिसिसच्या झटक्यामुळे घशातली जाणीवच बोथट झाली असेल, तर पाणी आत जातं आणि पेशंट शांत बसून असतो. पुढे ताप येऊ शकतो, न्यूमोनिया होऊ शकतो.

शिकत असताना एका आजींच्या बाबतीत माझं हेच चुकलं. तीन चमचे पाणी बिनठसक्याचं गेलं, मी खूश झाले. गिळल्यावर त्यांचा आवाज कसा येतो, ते ऐकलंच नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप चढला.

आता आधी पेशंट नीट जागा आहे ना ते बघते, ताठ बसवते, तोंड स्वच्छ करते. (तोंडातले जंतूही पाण्याबरोबर आत जातात, घरी नेमकं हेच राहून जातं.) मग चमचाभर पाणी, आणि माझी बोटं गळ्यावर, कंठमणी वर उचलला जातो का ते पाहायला. गिळून झालं की 'आऽ' म्हणायला लावते. आवाज ओलसर, गुळणी धरल्यासारखा आला तर तिथेच थांबते. सगळं ठीक असेल तरच पुढे 90 मिली पाणी, मध्ये न थांबता प्यायला.

तरीही खाटेपाशी सगळं कळत नाही. शंका उरली तर नाकातून बारीक दुर्बीण घालून किंवा बेरियम मिसळलेला घास गिळताना एक्स-रेवर बघावंच लागतं. या तपासणीचा खर्च टाळू नका, एवढं मी हात जोडून सांगते.

परवा एका मुलीने वाटी बाजूला ठेवून मला हाक मारली. "मॅडम, बाबांचा आवाज आत्ता ओला वाटला. पुढचा चमचा दिला नाही."