सतरा नंबरची वही

रविवार, रात्री साडेदहा

सातवी ‘ब’च्या ४१ वह्या. २८ झाल्यात आणि चहा दोनदा गार झालाय. आठवड्याचा गृहपाठ सोमवारी द्यायचा, शनिवारी गोळा करून घरी वाहून आणायचा, रविवारी तपासायचा. इंदूरच्या या शाळेत अकरा वर्षं हेच चाललंय. स्कूटरच्या पुढ्यात वह्यांची पिशवी ठेवली की भाजीला जागा उरत नाही, म्हणून आमच्याकडे शनिवारी रात्री हमखास पिठलं.

या वेळचा गृहपाठ साधा होता. मंगळवारी वर्गात पाणी तापवलं, मुलांनी दर मिनिटाला थर्मामीटर वाचला. घरी फक्त तक्ता नीट उतरवायचा, आलेख काढायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. कुणी आलेख टेबलावर बसून काढलाय आणि कुणी व्हॅनमध्ये मांडीवर, ते रेघ बघूनच कळतं. तिसरा प्रश्न, पाणी किती तापमानाला उकळलं? शंभर, शंभर, शंभर. इथे पेंग आली तरी हात बरोबरची खूण करत राहतो.

१७ नंबरने मात्र ९८ लिहिलंय. लाल गोल केला, शेजारी ‘१००! ध्यान से’. एरवी चांगली मुलगी आहे. आलेखही तिने ९८ वरच आडवा नेलाय. चूक केली तीही नेटाने.

पुरे. उरलेल्या वह्या सकाळी.

सोमवार

वह्या वाटल्या. ‘ब’ला नवा गृहपाठ दिला: घरातले पाच पदार्थ घ्या, प्रत्येकावर आयोडीनचा एक थेंब टाका, काय दिसतं ते लिहा. स्टार्च असला की थेंब निळाकाळा होतो. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणून कोऱ्या चहासारखं पातळ केलं आणि डोळ्यांच्या थेंबांच्या धुतलेल्या रिकाम्या बाटल्यांत भरलं. चार-चार जणांत एक बाटली. थेंब टाकलेलं काही खायचं नाही, हे तीनदा बजावलं. तरी एकाने विचारलंच, ‘मॅडम, थोडासा भी नहीं?’

थंडीमुळे शाळा उशिरा भरते, त्यामुळे तास पस्तीसच मिनिटांचे झालेत.

बुधवार

आज मी चांगलीच उघडी पडले. सविस्तर लिहून ठेवते.

‘अ’ तुकडीचा पाणी तापवायचा प्रयोग राहिला होता. स्पिरिट संपलेलं, म्हणून स्टाफरूममधली चहाची केटली वर्गात नेली. झाकण उघडं ठेवून थर्मामीटर स्टँडला टांगला, तळाला टेकणार नाही असा. पाच मिनिटांत पाणी खदखदायला लागलं. पारा ९८ वर येऊन थांबला. खालून बुडबुडे येतायत, वाफेने चष्मा धुरकटलाय, आणि पारा जागचा हलत नाही.

‘मॅडम, थर्मामीटर खराब है.’

मलाही तसंच वाटलं. दुसरा लावला, तोही ९८. तिसरा ९८ च्या जरा खालीच. शाळेचे थर्मामीटर काही फार मोलाचे नसतात, एखादी डिग्री इकडेतिकडे चालायचीच. पण तिघांनी एकाच बाजूला चुकावं? एका मुलाला कँटीनमध्ये पाठवून बर्फ आणवला, फोडून पाण्यात कालवला आणि तिन्ही थर्मामीटर त्यात बुडवले. तिन्ही शून्यावर. म्हणजे खालच्या टोकाला तरी ते खोटं बोलत नव्हते. ‘बाकी उद्या’ म्हणून मी तास संपवला.

अकरा वर्षं हा प्रयोग घेणाऱ्या बाईला हे आधी कसं दिसलं नाही? कारण लाजिरवाणं आहे, पण साधं आहे. स्पिरिटच्या दिव्यावर अर्धा लिटर पाणी पस्तीस मिनिटांत काय, चाळीस मिनिटांतही धड उकळत नाही. ८५-९० ला घंटा होते. मग मीच म्हणते, ‘पुढचं आता तुम्हाला माहीतच आहे, भरून टाका.’ मुलं भरून टाकतात. मी तपासते.

रात्री आई पोळ्या लाटत होत्या. माझ्या सासूबाई होशंगाबाद जिल्ह्यातल्या (आता नर्मदापुरम) मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवायच्या. मी सहज विचारल्यासारखं केलं, “आई, पाणी किती डिग्रीला उकळतं हो?”

त्यांनी मान वर न करताच विचारलं, “कुठलं?”

“म्हणजे?”

“इथलं, का मुंबईचं?”

मी पोळीवर तूप लावत राहिले. पुढचं त्यांनीच सांगितलं. इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू ढोबळमानाने एक डिग्री उतरतो. वरच्या हवेचा दाब कमी, तेव्हा वाफेला सुटायला जोर कमी लागतो. म्हणून इथलं पाणी ९८ लाच उकळणार. कुकरमध्ये उलटं, दाब वाढवला की पाणी १२० च्या आसपास जातं आणि तूरडाळ गळते. हे सगळं मला येत होतं. बीएस्सीच्या पेपरात लिहिलंय मी. फक्त ते उत्तर वेगळ्या कप्प्यात होतं आणि ‘पाणी किती डिग्रीला उकळतं’ याचं उत्तर वेगळ्या.

(आई मराठीत ‘उत्कलनबिंदू’ म्हणतात, मी वर्गात ‘क्वथनांक’ शिकवते, आणि मुलं ‘बॉइलिंग पॉइंट’. तिन्हीचा आकडा शंभरच धरलेला.)

होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमाबद्दल आई पूर्वीही बोलल्या आहेत. आज मी पहिल्यांदा नीट ऐकलं. १९७२ मध्ये १६ शाळांत तो सुरू झाला, सहावी ते आठवीसाठी. पुढे जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेर पसरला, २००२ मध्ये सरकारने बंद केला. शिक्षकांना आधी शिबिरात स्वतः सगळे प्रयोग करायला लावायचे. मुलांच्या पुस्तकात प्रयोग असायचे, प्रश्न असायचे, उत्तरं नसायची. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायला परवानगी. साध्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीपासून आकार जोडायची युक्ती तिथेच काढली. आपल्याकडे लोक त्यांना पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमुळे ओळखतात, पण ती खेळणी आमच्या मध्यप्रदेशातल्या चिखलातून वर आली आहेत, असं आई जरा अभिमानाने म्हणतात.

“उत्तरच नसलं तर तपासायचं काय?” मी विचारलं.

“चार टोळ्यांचे आकडे फळ्यावर लिहायचे आणि पोरांना भांडू द्यायचं. फार गोंगाट व्हायचा. हेडमास्तर येऊन बघून जायचे.” मग जरा थांबून म्हणाल्या, “सगळं गोड होतं असं नाही हं. कितीदा किटमधलं सामान संपलेलं असायचं. मग आम्हीही फळ्यावर लिहूनच मोकळे व्हायचो.”

हे मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही.

झोपताना १७ नंबर आठवली.

गुरुवार

‘ब’मध्ये गेल्या गेल्या तिची वही मागितली. तिने दप्तरातून काढली, पान उघडून दिलं. माझा लाल गोल. गोलातल्या ९८ वर निळ्या पेनाने गिरवून गिरवून केलेला १००, कागद तिथे जवळजवळ फाटलाय. आलेखातली आडवी रेघ खोडून दोन चौकटी वर नेलेली. आणि खाली, शाळेच्या नियमाप्रमाणे, चुकीची दुरुस्ती: ‘पानी १००° सेल्सियस पर उबलता है.’ पाच वेळा. अक्षर वळणदार.

मी विचारलं, ९८ कुठून आणलं होतं? घंटा झाल्यावर सगळे डबे घेऊन बाहेर गेले, तेव्हा ही त्या बीकरपाशी थांबली होती. मधली सुट्टी संपेपर्यंत. दिवा विझवायला मावशी आल्या, तोवर पाणी उकळून दहा मिनिटं झाली होती आणि पारा ९८ वरच होता. डबा खाल्ला नाही का? ‘बाद में खाया. छुपके, हिंदी के पीरियड में.’

पाच वेळा लिहिलेल्या त्या ओळींवर मी काट मारली. गोलाशेजारी लिहिलं, ‘९८ सही था. ग़लती मेरी थी.’ खाली सही केली, आजची तारीख घातली. लाल शाई खोडता येत नाही, त्यामुळे पान आता एखाद्या कोर्टाच्या कागदासारखं दिसतं. तिने वाचलं, वही मिटली, जागेवर गेली. तिला आनंद झाला असेल असं मी धरून चालले होते. तसं काही चेहऱ्यावर नव्हतं. उलट मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, तो फिर परीक्षा में क्या लिखें?’

याचं उत्तर मी दिलं, पण ते मलाच पटलं नाही. ‘समुद्रसपाटीला शंभर असं लिहा’ म्हटलं. चाळीसजणांनी ते वहीत उतरवून घेतलं. म्हणजे काय झालं? एक घोकलेलं वाक्य गेलं, दुसरं आलं.

म्हणून मग विषय घराकडे नेला. आपल्या नळाचं पाणी कुठून येतं? नर्मदा, हे इंदुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जलूदहून येतं, सुमारे ७० किलोमीटर. जलूद खाली निमाडात, आपण वर माळव्यात, मध्ये विंध्याचा घाट. मग पाणी वर कसं चढतं? पंपाने, टप्प्याटप्प्याने. ‘इसीलिए एक दिन छोड़कर आता है,’ एकजण म्हणाला. कारण अगदी तेवढंच नाही, पण उंची कुणाच्या तरी डोक्यात शिरली. पाताळपाणीहून कालाकुंडला जाणारी छोटी गाडी बरीच मुलं बसून आलेली आहेत. गाडी उतरते कुठे, किती, यावर दहा मिनिटं आरडाओरडा झाला. शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारातून डोकावून गेल्या.

सेल्सियसची गोष्टही सांगितली. ज्याच्या नावाने आपण डिग्री मोजतो त्याने १७४२ मध्ये माप मांडलं, तेव्हा उकळतं पाणी शून्यावर ठेवलं होतं आणि गोठतं पाणी शंभरावर. नंतर ते उलटं केलं गेलं. आणि हवेच्या दाबाप्रमाणे उकळण्याची खूण सरकते, हे त्यानेच मोजून लिहून ठेवलं होतं. मुलांना पहिल्या भागात मजा आली, दुसऱ्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

शुक्रवार

एका मुलाचे वडील रिक्षा चालवतात. काल रात्री त्यांनी स्टेशनवर जाऊन पिवळ्या पाटीचा फोटो काढला, गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती. मी सांगितलंही नव्हतं. फोटो वर्गभर फिरला. इतकी वर्षं त्या पाटीखालून सामान ओढत गेले, कधी वाचली नाही.

शनिवार, संध्याकाळ

आयोडीनच्या वह्या आल्या. रविवारची वाट न बघता बसले.

निम्म्या वह्यांत तेच पाच पदार्थ, त्याच क्रमाने: बटाटा, भात, पोळी, दूध, साखर. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाच्या तरी आईने टाकलेले. उरलेल्या निम्म्या मात्र इंदूरच्या. पोहे, शेव, जिलबी, गराडू. गराडू हा कंद या दिवसांत घरोघरी तळतात, आणि कच्च्या फोडीवर थेंब टाकला की असा निळाकाळा होतो की बघत राहावं. एकाने लिहिलंय, ‘गरम पोहे: नहीं. ठंडे पोहे: हाँ.’ याला शाबासकी दिली. वाफाळत्या पोह्यांवर रंग नीट धरत नाही, निवले की येतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्याचा थेंब वहीवर सांडला, तिथे जांभळा डाग पडला, तर त्याने सहावी ओळ वाढवली: ‘कॉपी: हाँ.’ कागदाला खळ असते. बरोबर आहे.

एकीच्या घरचं पनीर निळं पडलं आणि तिच्या आईचं दूधवाल्याशी वाजलं. त्यावर मी वहीत काही लिहिलं नाही.

शेवेपाशी अडले. बहुतेकांनी ‘शेव: नहीं’ लिहिलंय. गाईडमध्ये बेसन प्रथिनांच्या रकान्यात आहे, म्हणून. माझ्याही डोक्यात क्षणभर तेच आलं, आणि हात बरोबरची खूण करायला गेलाही होता. उठले. डब्यातली शेव घेतली, नुसत्या शेवेवर थेंब तेलामुळे घरंगळतो म्हणून चुरली, थंड पाण्यात कालवली आणि थेंब टाकला. काळी ठिक्कर. हरभऱ्याच्या डाळीत प्रथिनं असतात तसा स्टार्चही भरपूर असतो, ते गाईडच्या एका रकान्यात मावलं नसणार. आई बघत होत्या. म्हणाल्या, “चांगली रतलामी शेव वाया घालवलीस.”

१७ नंबरची वही सगळ्यात शेवटी उघडली. पाच पदार्थ, पाच ओळी. बटाटा, पोहे, गराडू, साखर, सगळं निळ्या पेनाने. पाचवी ओळ शेवेची. पुढे लिहिलंय, ‘काली हो गई.’

तेवढं पेन्सिलीने.