काकांच्या नावापुढचा रिकामा रकाना

त्या शनिवारी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतले (जीआयडीसी) शेठ आमच्या प्रशिक्षण केंद्रात स्वतः परीक्षा घ्यायला आले. सोबत कारखान्यातला रेशो मीटर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंच्या फेऱ्यांचं प्रमाण दाखवणारं यंत्र. एवढ्यावरच मी खूश होते.

शेठचा कारखाना छोटा, खेड्यापाड्यांत खांबावर बसतात ते ट्रान्सफॉर्मर बनवणारा. कामगार तिसाच्या आत, म्हणजे १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याने शिकाऊ मुलं घ्यायची सक्ती त्यांच्यावर नाही. ती तीस किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे, आणि मग एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. तरी हे शेठ मुलं घेतात. तार गुंडाळायचं जुनं वाइंडिंग मशीन त्यांनीच दिलं. तांब्याची तार वजन करून देतात, वजन करून परत नेतात. आणि आठवड्यातून दोन दुपारी आपला माणूस पाठवतात. माझ्या लेखी मशीन आणि तारेपेक्षा हे शेवटचं मोठं.

कारण कंपन्यांशी केलेल्या करारांना तोटा नाही. माझ्या कपाटात सह्या-शिक्क्यांचे भरपूर पडले आहेत. मोठ्या कंपन्यांची माणसं येतात, फ्लेक्ससमोर फोटो काढतात, त्यांच्या अहवालात आमची मुलं छापून येतात. पण ज्याने रोज मशीनला हात लावला आहे असा माणूस त्यातल्या एकाही कंपनीने पाठवला नाही. मागितला तर ‘प्रॉडक्शन अडतं’ म्हणतात. या शेठचं प्रॉडक्शन अडत नसेल का? अडतंच.

त्यांनी पाठवलेला माणूस म्हणजे आमचे काका. दांडिया बाजारात वाढलेले, आठवी पास, सगळं आयुष्य वाइंडिंगवर गेलेलं. शिकवताना फळा वापरत नाहीत. पहिल्या दिवशी मुलांना तार हातात धरायला लावली आणि फॉर्मर, म्हणजे तार गुंडाळायचा साचा, फिरवला, बाकी काही नाही. ताण जास्त झाला तर तारेवरचं इन्सुलेशन दुखावतं, कमी झाला तर थर सैल बसतो आणि पुढचा फेरा आधीच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये घुसतो. बोटांना हे कळेपर्यंत त्यांनी कोणाला काउंटरकडे बघू दिलं नाही. थर संपला की कागद, कागदाच्या कडा नीट दुमडलेल्या, मग वरचा थर. टॅपिंगची, म्हणजे व्होल्टेज थोडं कमीजास्त करायला कॉइलच्या मधून काढलेली, टोकं कुठून बाहेर काढायची ते पेन्सिलने कागदावरच लिहायचं, डोक्यात ठेवायचं नाही.

आणि हिशेब. ११,००० व्होल्टला ४३३ व्होल्ट. खालच्या, म्हणजे कमी व्होल्टच्या, बाजूला स्टार जोडणी (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र बांधलेलं), म्हणून एका फेजला ४३३ भागिले १.७३२, म्हणजे २५०. ११,०००ला २५०ने भागलं की ४४, हाच रेशो. खालच्या कॉइलला ६० फेरे असतील तर वरच्या कॉइलला २,६४०. रेशोत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक चालतो, म्हणजे वरच्या कॉइलमध्ये दहा-बारा फेरे चुकले तरी मीटर ओरडणार नाही. खालच्या साठात मात्र एक चुकला की दीड टक्क्याच्या वर जातं, कॉइल बाद. हे काकांनी बोटांवर सांगितलं. आमच्या डिप्लोमावाल्या सरांनी नंतर तेच फळ्यावर मांडलं तेव्हा मुलं आधीच उत्तर देत होती. सरांना ते आवडलं नाही, हेही नोंदवते. आणि काकांचा नियम मीटरपेक्षा कडक: दोन्हीकडे एकही चुकायचा नाही.

शनिवारी वाडीतल्या एका मुलीच्या कॉइली मीटरवर लागल्या. तिन्ही फेज ४४च्या अगदी जवळ. शेठनी दोनदा क्लिपा काढून परत लावल्या, मग तिला विचारलं, सोमवारपासून येशील का? स्टायपेंडचा एक चतुर्थांश, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकारच्या योजनेतून मिळतो, म्हणजे शेठना ती जड नाही. तिची आई दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण पदराने डोळे पुसले.

आणि तेवढ्यात शेठना टेबलावरचा फॉर्म दिसला.

तो काकांचा होता. झालं असं की काकांचं मानधन आम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेने अडवलं होतं. प्रशिक्षकाच्या नावापुढे ‘शैक्षणिक व तांत्रिक पात्रता’ असा रकाना असतो. काकांच्या नावापुढे तो रिकामा. आठवी चालत नाही आणि हातातलं कसब लिहायला जागा नाही. बडोद्यासारख्या शहरात हे व्हावं याचा मला संताप येतो. सयाजीरावांनी १८९० साली इथे कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांना त्याचं प्रमुख केलं, ते हातांतल्या कसबाला विद्येच्या पंगतीत बसवायलाच ना? तर मी उपाय काढला: आरपीएल. कामावर शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन त्याला सरकारी प्रमाणपत्र देतात, त्याचा अर्ज. काकांनी सही करताना शर्टाच्या खिशातलं स्वतःचं पेन काढलं.

शेठनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. “बेन, काले ए सावली जतो रहेशे,” एवढंच म्हणाले. म्हणजे, उद्या हा सावलीला निघून जाईल. सावली हे बडोद्याजवळचं गाव, तिकडचे मोठे कारखाने कागद मागतात. कागद नाही म्हणून काका आज शेठकडे आहेत, आणि हे शेठना पुरतं ठाऊक आहे. मी म्हटलं, प्रमाणपत्र त्यांच्या कामाचं आहे, तुमच्या कारखान्याचं नाही. पगार वाढवलात तर ते कुठे जातील? ते म्हणाले, तुम्हाला पगार वाटावे लागत नाहीत.

तेही खरं आहे. मी रात्रभर त्यांच्या बाजूने विचार करून पाहिला. छोट्या कारखान्यात एक वाइंडर गेला की तीन महिने ऑर्डरी रखडतात. पण माणूस अडकून राहावा म्हणून त्याला बिनकागदाचा ठेवायचा, आणि त्याच माणसाकडून आमच्या मुलांना कागद मिळवून द्यायचे, ही भागीदारी मला मान्य नाही. अर्ज मी मागे घेतला नाही.

तेव्हापासून काका दुपारचे येत नाहीत. शेठ पाठवतच नाहीत. मशीन आहे, तार आहे, मुलं डिप्लोमावाल्या सरांबरोबर फळ्यावरचे फेरे मोजतात. शेठचा निरोप आला आहे की चार मुलं हवीत, त्यात ती मुलगी नक्की. आणि काकांच्या परीक्षेची तारीखही आली आहे, ऐन कामाच्या दिवशी.

रजेसाठी मी शेठशी बोलू का, असं काकांना फोनवर विचारलं. म्हणाले, “ताई, आधी त्या पोरीचं करून टाका. माझ्यावरून तिचं बिनसायला नको.”

तिचे कागद काल पाठवले. शेठना फोन करायचा आहे, तो उद्या करणार आहे, आणि रजा मागणारच आहे.