क्यूओ-100 : डिश लागली, आता ड्रिफ्टच्या मागे

गच्चीवर पडून असलेली डीटीएचची डिश पश्चिमेला फिरवली आणि क्यूओ-100 चा बीकन (सतत चालू असणारा खुणेचा सिग्नल) वॉटरफॉलवर, म्हणजे संगणकावरच्या सरकत्या सिग्नलचित्रात आला. कतारच्या एस्हेल-2 या भूस्थिर उपग्रहावरचा हा हॅम मंडळींचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा ट्रान्सपॉन्डर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र), 26 अंश पूर्वेला. पुण्यातून अझिमथ (उत्तरेपासून मोजलेली दिशा) साधारण 254, क्षितिजापासून उंची 32 अंश. ऑफसेट डिश असल्याने ती जवळजवळ उभीच दिसते. खालून बघणाऱ्याला वाटतं, वाऱ्याने वाकली.

दिशा लवकर सापडली. वेळ खाल्ला तो स्क्यूने, म्हणजे एलएनबी (डिशसमोरचा रिसीव्हर) उपग्रहाच्या लहरींच्या कंपनदिशेशी (पोलरायझेशन) जुळेल असा फिरवण्याने. उपग्रह आपल्यापासून जवळपास 48 अंश पश्चिमेला असल्यामुळे त्याचं ‘व्हर्टिकल’ (उभं) पोलरायझेशन आपल्याकडे येईपर्यंत 65 अंशांच्या आसपास कलतं. एलएनबी सरळ ठेवला तर सात-आठ डीबी (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) गेलेच! क्लॅम्प सैल करून एलएनबी हळूहळू फिरवत गेलो तसा बीकन गोंगाटातून वर येत गेला.

नव्यांसाठी थोडक्यात: हॅम 2400 मेगाहर्ट्झवर बोलतो, ट्रान्सपॉन्डर तो पट्टा जसाच्या तसा 8089.5 मेगाहर्ट्झने वर सरकवून 10489.5 पासून खाली सोडतो. मध्ये डीकोडिंग वगैरे काही नाही. जाऊन-येऊन पाव सेकंद लागतो, त्यामुळे बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून ऐकू येतो. उतरताना 200 डीबीहून जास्त घट होते, तरी साध्या डिशवर एसएसबी (अरुंद पट्ट्यात आवाज पाठवायची पद्धत) स्वच्छ ऐकू येतं. याचं मला अजून नवल वाटतं.

एलएनबीतला ऑसिलेटर 9750 चा, तेवढे वजा होऊन डोंगलला (संगणकाला जोडलेला रेडिओ रिसीव्हर) 739.5 मेगाहर्ट्झ मिळतात. बायस-टीतून (सिग्नलच्याच केबलमधून वीज वर पाठवणारा भाग) 13 व्होल्ट. 18 दिले की पोलरायझेशन बदलतं आणि नॅरोबँड (हा बोलण्याचा अरुंद पट्टा) गायब.

ड्रिफ्टची, म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकण्याची गोची क्रिस्टलची (ऑसिलेटरला ठेका देणारा स्फटिक) आहे. 25 मेगाहर्ट्झला 390 ने गुणून 9750 होतात, म्हणजे क्रिस्टल एक हर्ट्झ हलला की वर 390 हर्ट्झ सरकले. ऊन चढलं की ऐकत असलेला माणूस आधी बदकासारखा बोलू लागतो, मग पासबँडबाहेरच (ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर) जातो. तूर्त एसडीआर कन्सोल या सॉफ्टवेअरचं बीकन लॉक (बीकनला धरून फ्रिक्वेन्सी आपोआप सुधारणं) लावून भागवतोय. एलएनबीला थर्माकोलचं टोपडं घालायचा सल्ला मिळाला होता. त्याने सरकणं मंदावतं, थांबत नाही.

पुढचं काम: क्रिस्टल काढून जीपीएसवर लॉक केलेले 25 मेगाहर्ट्झ दुसऱ्या केबलने वर न्यायचे. हे कोणी केलं असेल तर एवढंच सांगा, एलएनबीला छिद्र पाडल्यावर पावसाळ्यासाठी ते कशाने बुजवलंत? साध्या सिलिकॉनवर माझा भरवसा नाही.