ऑक्सफर्डची उन्हाळी सुट्टी, बायबल आणि अक्षरं न येणारा वाचक

ऑक्सफर्डची टर्म जूनमध्ये संपते आणि पुढची ऑक्टोबरात सुरू होते. मधले तीन-साडेतीन महिने विद्यार्थी घरी आणि कॉलेजं रिकामी, मग तिथल्या खोल्या भाड्याने देतात आणि नाना तऱ्हेचे उन्हाळी वर्ग भरतात. त्यातलाच एक मी या ऑगस्टमध्ये केला, विषय बायबलचा अभ्यास आणि सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती धर्म. घरी फोनवर सांगितलं तर आईने पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे तू चर्चला जायला लागलीस का गं?" आणि मावशीने फॅमिली ग्रुपवर तेच विचारलं, म्हणून म्हटलं सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहावं. तर, मी धर्म बदललेला नाही आणि तिथे कोणी तसं सुचवलंही नाही. आमच्याकडे हरिपाठ म्हणतात, मी इथेही म्हणते. पण आता ज्या देशात माझं घर आहे तिथली चित्रं, गाणी, सणावाराच्या सुट्ट्या, शेजाऱ्यांची नावं, सगळ्याच्या मुळाशी हे एक पुस्तक आहे, आणि ते मला नुसतं ऐकून नाही तर बसून वाचायचं होतं.

वर्गात माणसं किती वेगवेगळी! रिटायर झालेले पाद्री, बायकांच्या तुरुंगात जाऊन काम करणारी एक सिस्टर म्हणजे नन, शाळेत धर्म हा विषय शिकवणाऱ्या दोघी शिक्षिका, कैरोहून येऊन बर्मिंगहॅमला स्थायिक झालेला एक कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती पंथाचा, इंजिनिअर, आणि एक आजोबा ज्यांनी ओळख करून देतानाच सांगितलं की माझा देवावर विश्वास नाही पण मी दर उन्हाळ्यात येतो. परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, ग्रीक यायलाच पाहिजे अशीही अट नाही. कुठल्याही भाषेतलं बायबल आणा म्हणाले, मी माझं पुण्याहून आणलेलं मराठी घेऊन गेले.

सगळ्यात जास्त आवडला तो वाचनाचा वेग. सकाळचे दोन तास आणि वाचायच्या ओळी पाच-सहा, बस. सर जुन्या हस्तलिखिताचा फोटो वाटायचे आणि त्यात सगळी ग्रीक अक्षरं एकमेकांना चिकटून, शब्दांमध्ये मोकळी जागाच नाही, जुन्या मोडी कागदांवर असते तशीच सलग ओळ. मग एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो इथपासून चर्चा. कोणी म्हणायचं हा प्रश्न आहे, कोणी म्हणायचं नाही हे साधं वाक्य आहे, कारण मुळात प्रश्नचिन्हच नाही. छापील पुस्तक वाचताना आपल्याला वाटतं की सगळं कसं पक्कं आहे, आणि इथे दिसतं की प्रत्येक पानामागे कोणीतरी दिव्याच्या उजेडात डोळे ताणून नक्कल करत बसलेलं होतं, ते दमत होतं, कधी एक ओळ गाळत होतं, कधी समासात काही जोडत होतं.

आता ऑक्सफर्डमध्ये हा विषय शिकण्यात एक वेगळीच मजा आहे ती पपायरसमुळे, म्हणजे नाईलकाठच्या लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांमुळे. इथल्या क्वीन्स कॉलेजचे दोन तरुण, ग्रेनफेल आणि हंट, १८९६-९७ च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस नावाच्या जुन्या शहराच्या जागी खणायला गेले, कैरोच्या दक्षिणेला, हल्ली त्या गावाला बहनसा म्हणतात. त्यांनी देवळं किंवा थडगी नाही तर शहराचा उकिरडा खणला! शेकडो वर्षांचा कचरा, पण तिथे पाऊस जवळजवळ नाहीच म्हणून कागद टिकलेले. पावत्या, खटले, घरची पत्रं, शाळेतल्या मुलांचे धडे, कर चुकवल्याच्या तक्रारी, आणि पहिल्याच हंगामात येशूच्या वचनांचा एक तुकडा, जो त्यांनी १८९७ सालीच छापला. ती वचनं नेमकी कुठल्या पुस्तकातली हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. पुढे १९४५ साली इजिप्तमध्येच नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात कॉप्टिक, म्हणजे तिथल्या जुन्या स्थानिक भाषेतल्या, पोथ्या सापडल्या, त्यांचा अभ्यास झाला तेव्हा उलगडलं की हा तर थॉमसच्या शुभवर्तमानाचा ग्रीक भाग. (शुभवर्तमान म्हणजे येशूबद्दलचं पुस्तक, आणि थॉमसचं हे बायबलमध्ये नाही.) ऑक्सिरिंकसचे लाखो तुकडे आज ऑक्सफर्डमध्येच आहेत आणि ते वाचून छापण्याचं काम १८९८ पासून अजून चालूच आहे, म्हणजे पणजोबांनी सुरू केलेलं काम पणतू करतोय. बहनसाचं नाव आलं की आमचा कॉप्टिक इंजिनिअर जरा सरसावून बसायचा, त्याच्या आजोळचा रस्ता तिकडूनच जातो.

यातल्या एका कागदावर आम्ही अख्खी सकाळ घालवली आणि तोच माझ्या मनात सगळ्यात खोल बसला. तारीख ५ फेब्रुवारी ३०४. आदल्या वर्षी सम्राट डायोक्लिशनने हुकूम काढलेला, चर्च पाडा, धर्मग्रंथ जाळा, मालमत्ता जप्त करा. खायसिस नावाच्या खेड्यातलं चर्च पाडून झालेलं आहे आणि तिथला वाचक, म्हणजे भर सभेत धर्मग्रंथ वाचून दाखवणारा माणूस, नाव अमोनियस, तो अधिकाऱ्यांना लिहून देतोय की आमच्या चर्चकडे सोनं नाही, चांदी नाही, पैसा नाही, कपडे नाहीत, जनावरं नाहीत, गुलाम नाहीत, जमीन नाही. जे काही सापडलं ते फक्त पितळ-काशाचं, आणि ते जमा करून अलेक्झांड्रियाला पाठवायला दिलेलं आहे. खाली सम्राटांच्या नावाने शपथ. आणि शेवटी सही दुसऱ्याच माणसाची, कारण काय लिहिलंय, तर अमोनियसला अक्षरं येत नाहीत.

वाचक आणि अक्षरं येत नाहीत! वर्गात एकदम दहा जण बोलायला लागले. शिक्षिका म्हणाली पाठ असेल हो त्याला सगळं, ऐकून ऐकून. इंजिनिअर म्हणाला की त्याला कॉप्टिक येत असणार, ग्रीक नाही, आणि सरकारच्या लेखी ग्रीक नाही म्हणजे अडाणी. तुरुंगात जाणारी सिस्टर बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली की मला वाटतं त्याला त्या शपथेखाली स्वतःच्या हाताने लिहायचंच नव्हतं, आणि बघा, यादीत पुस्तकं कुठेच नाहीत, ना आहेत म्हणून ना नाहीत म्हणून. अभ्यासकांमध्येही या सगळ्या बाजूचे लोक आहेत असं सरांनी सांगितलं आणि निकाल काही दिला नाही. मला सिस्टरचं पटलं. पुरावा म्हणून ते कमी पडेल, पण सरकारी कागदावर काय सांगायचं आणि काय झाकायचं हे गरीब माणसाला बरोबर कळतं, ते सतराशे वर्षांपूर्वीही कळत असणार.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांबद्दल माझी कल्पना मोठ्या चर्चांवरून, सोन्याच्या क्रॉसवरून बनलेली. पण पहिल्या दोन-तीनशे वर्षांत ही मंडळी कोणाच्या तरी घरात जमत होती आणि त्यांच्यात गुलाम, बायका, हातावर पोट असलेले असे बरेच. साधारण ११२ साली प्लिनी नावाचा रोमन गव्हर्नर, हल्लीच्या उत्तर तुर्कस्तानात, सम्राट ट्राजनला पत्र लिहून विचारतो की या ख्रिस्ती लोकांचं करू तरी काय. चौकशी केली तर एवढंच कळलं, लिहितो तो, की ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घेतात आणि मग एकत्र साधं जेवण. आणि हे खरं की खोटं बघायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ करवला, ज्यांना त्यांच्या मंडळीत सेविकेचं पद होतं. त्या दोघींची नावंसुद्धा त्याने लिहिली नाहीत. हे वाचून झाल्यावर चहाला गेलो तरी कोणी फारसं बोललं नाही.

दिदाखे नावाचं एक छोटं पुस्तक तर मी सगळ्यांना वाचा म्हणून सांगेन, तासाभरात होतं. बायबलमध्ये त्याचा समावेश नाही, पण फार जुनं आहे, शेकडो वर्षं हरवलेलं आणि १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये पोथीत सापडलेलं. त्यात अगदी व्यवहारातल्या सूचना आहेत, बुधवारी आणि शुक्रवारी उपास करा, बाप्तिस्म्याला वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं चालेल. आणि फिरता संदेष्टा दारात आला तर त्याला एक दिवस ठेवा, गरज असली तर दोन, तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा, आणि निघताना पैसे मागितले तरी खोटा! किती शहाणी माणसं असतील ही. आपल्याकडच्या बुवाबाजीला हाच एक नियम लावला तरी केवढी घरं वाचतील.

आता जरा नाजूक विषय. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात पकडलेल्या बाईची गोष्ट आहे, तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड मारावा, ती. ख्रिस्ती नसलेल्यांनाही माहीत असते. तर ही गोष्ट सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत नाहीच. सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या बायबलच्या चौथ्या शतकातल्या दोन प्रसिद्ध पोथ्या, त्यांत नाही, त्याआधीच्या पपायरसांत नाही. काही पोथ्यांत तर ती लूकच्या शुभवर्तमानात जाऊन बसलेली आहे. म्हणजे ती मागाहून घातलेली, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे आणि हल्लीच्या कित्येक छापील प्रतींत ती कंसात असते. मला धाकधूक होती की आता वाद होणार, कारण समोर पाद्री बसलेले. पण त्यातले एक वयस्कर पाद्री शांतपणे म्हणाले, योहानाने लिहिली नसेल, तरी ज्या कोणी ती जपली त्याला येशू बरोबर कळला होता. देव न मानणारे आजोबा म्हणाले, हे मला मान्य आहे. आणि आम्ही पुढच्या ओळीवर गेलो.

तेव्हा मला राहवलं नाही आणि मी नाथांबद्दल सांगितलं. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरले होते, म्हणून एकनाथ महाराजांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली वेगवेगळ्या प्रती ताडून ती शुद्ध केली, आणि शेवटी बजावून ठेवलं की यात जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा. सरांनी लगेच बायबलचं शेवटचं पान उघडायला लावलं, प्रकटीकरणाचा बाविसावा अध्याय, तिथेही तीच ताकीद, यात कोणी भर घालू नये आणि काही काढू नये. मग पुण्याच्या भांडारकर संस्थेने अशाच प्रती ताडून काढलेल्या महाभारताचं निघालं, १९१९ ते १९६६ एवढी वर्षं चाललेलं काम, आणि गणपतीने महाभारत लिहून घेतल्याची गोष्ट त्या आवृत्तीत मुख्य संहितेत न राहता परिशिष्टात गेली हे ऐकून त्या लोकांनी मला जेवणाच्या टेबलावरही सोडलं नाही. पुण्यात लहानाची मोठी झालेली मी, लॉ कॉलेज रोडवरून हजारदा गेलेली, आणि त्या कामाचं मोल इतक्या लांब येऊन इतक्या प्रेमाने कोणालातरी सांगत होते.

एक दुपार मोकळी होती तेव्हा बसने वांटेजला जाऊन आले. छोटं गाव, चौकात आल्फ्रेड राजाचा पुतळा. इथे १८८३ च्या सप्टेंबरात पंडिता रमाबाईंनी आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला, रमाबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या. इंग्लंडला त्या आल्या डॉक्टर व्हायला, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही, मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवत होत्या. वांटेजच्या सिस्टर्सशी त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, तो मी या वर्गाच्या निमित्ताने वाचला, आणि त्यातली रमाबाई मला फार जवळची वाटली. धर्म स्वीकारला म्हणजे विचार करायचं थांबवलं असं नाही. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) म्हणजे काय, हे बायबलमध्ये नेमकं कुठे लिहिलंय, चर्च सांगतं म्हणून मी का मानू, असे प्रश्न त्या न घाबरता विचारतात. आणि पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ साली जाण्याच्या अगदी थोडं आधी ते काम संपवलं, छापून बाहेर आलं १९२४ मध्ये, तिथल्याच छापखान्यात. वर्गात परत येऊन हे सांगितलं तर सिस्टरला रमाबाई माहीत होत्या, बाकी कोणाला नाही. मग शेवटच्या संध्याकाळी मला पंधरा मिनिटं दिली आणि मी रमाबाईंवर बोलले.

आता परत आल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. आपल्याकडे मे महिन्यात सुट्टीचे एवढे वर्ग निघतात, तर कुठेतरी, पुण्यात, पैठणला, वसईला, असा वर्ग का असू नये? ज्ञानेश्वरीचा एक अध्याय, पाठभेद समोर ठेवून, आठवडाभर, रोज पाच ओव्या. वारकरी असावेत, न मानणारे असावेत, फादर असावेत, शाळेतले शिक्षक असावेत, आणि कोणी प्रश्न विचारला तर कोणाच्या भावना दुखवायला नकोत. असं कोणी आधीच चालवत असेल तर मला नक्की कळवा, पुढच्या मे मध्ये मी घरी येणारच आहे, रजा त्या हिशेबाने टाकते.