चौकट

बाथरूमचे फोटो पाहून ताई म्हणाली, "छान झालंय गं! आता ती शॉवरच्या दाराची चौकटच तेवढी जुनी दिसते." ती बोलून मोकळी झाली. माझी संध्याकाळ गेली.

आमच्या राहत्या गाडीतली, म्हणजे मोटरहोममधली बाथरूम ती केवढी! शॉवरखाली उभं राहून हात लांबवला की बेसिनचा नळ हाताला लागतो. पण सोनेरी ऐवज नुसता ठासून भरलेला. नळ, टॉवेलची कडी, आरशाच्या पकडी, कपाटाच्या मुठी, शॉवरची चौकट. 1980-90 च्या दशकांत हाच थाट होता म्हणे. आमच्या गाडीतला थाट बहुतेक वरवरचाच निघाला. कडीला चुंबक लावला तर तो टपकन चिकटला, म्हणजे आत लोखंड आणि वर मुलामा. पितळेला तो चिकटत नाही. नळाला चिकटला नाही म्हणून हरखले, तर तो चक्क प्लॅस्टिकचा! गाडीचं वजन वाढू नये म्हणून असे नळ बसवतात. खऱ्या पितळेच्या फक्त मुठी, आणि नेमक्या त्याच सगळ्यांत कळकट दिसत होत्या. वरचं लॅकर उडालं की हवा लागून पितळ काळवंडतं.

ताईला यातलं काही माहीत नाही. कडी धुऊन तिचा तेलकटपणा घालवला, 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकाकी उतरवली, मग 400 चा हात फिरवला, धातूचा प्रायमर लावला आणि वर मॅट काळ्या स्प्रेचे पातळ थर दिले. सगळं बाहेर उघड्यावर, आत मारला असता तर वासानेच आडवी झाले असते. नळ नवाच घेतला. पंप बंद करून, जुना नळ उघडून पाइपातला दाब सोडला आणि मगच पाना लावला. कडी परत बसवताना भिंतीतले स्क्रू नुसतेच फिरायला लागले. भिंत म्हणजे पातळ प्लायवूड, त्यात गाडीचे इतक्या वर्षांचे हादरे. गोंदात बुडवलेल्या आगकाड्या भोकांत ठोकल्या, वाळू दिल्या, मग स्क्रूंनी पकड घेतली. ही युक्ती कोणाची, ते इथे लिहायला नको.

राहिली चौकट. ती अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमची. सोनेरी रंग वरून फासलेला नाही, ऑक्साइडच्या थरातच मुरलेला आहे. रंगवायची तर काच, रबर, रूळ सगळं उतरवावं लागेल. म्हणून ठेवली तशीच.

पण सगळंच सोनेरी होतं तेव्हा ती कुठे जुनी दिसत होती? आजूबाजूचे बहुतेक सगळे काळे, मॅट, नव्या जमान्याचे झाले आणि ही एकटी उघडी पडली. तिने काहीच केलं नाही, जागची हललीसुद्धा नाही. आमच्या घरातही हल्ली... जाऊ दे. मुलांनी फोटोला नुसता 'लाइक'चा अंगठा दिला, तेवढंच. तेही जाऊ दे.

अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांसाठी डोळ्यांत पाणी आणणारी बाई मी पहिलीच असेन!

रात्री अंघोळीला गेले तर दार एका बोटाने सरकलं आणि बाहेर पाण्याचा थेंब नाही. नवा नळ मात्र बुडाशी पाझरतोय. खाली वाटी ठेवली आहे, उद्या वायसर बदलेन. आरशाच्या पकडी अजून सोनेरीच आहेत, त्या आता काढत नाही. चौकटीला सोबत होईल.

ताईला लिहिलं, "चौकट राहू दे." ते जरा फणकाऱ्याचं वाटलं, म्हणून पुढे जोडलं, "तू आधी तुझ्या चष्म्याची सोनेरी फ्रेम बदल."

लगेच उत्तर आलं, "ती मला शोभते."