विशेषणांवरची जकात

२०१९ च्या जुलैत मी शिकागोला प्राणिवर्तनाच्या परिषदेला गेले होते, असे सांगितले की ओळखीची माणसे आधी चकित होतात आणि मग मी तिथे नेमके काय केले असे विचारतात. मी तिथे बसले होते. माझी लेक अमेरिकेत खारींवर पीएच.डी. करत होती, मी उन्हाळ्याचे तीन महिने तिच्याकडे राहायला गेले होते, आणि शिकागोला तिचा निबंध असताना मला घरी एकटीला ठेवण्यापेक्षा पाहुणी म्हणून नाव नोंदवून बरोबर नेणे तिला सोयीचे वाटले. त्यामुळे गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून, पर्समध्ये चिवड्याची पुडी ठेवून, मी जगभरच्या प्राणिवर्तनशास्त्रज्ञांमध्ये वावरले.

ॲनिमल बिहेविअर सोसायटी ही संस्था १९६४ मध्ये स्थापन झाली आणि तिची परिषद दर वर्षी भरते; आंतरराष्ट्रीय एथॉलॉजी, म्हणजे प्राणिवर्तनशास्त्र, परिषद एक वर्षाआड भरते. त्या वर्षी दोघींनी एकच मांडव घातला होता, त्यामुळे गर्दी लग्नसराईसारखी होती. एकाच वेळी निरनिराळ्या दालनांत मुंग्या, मासे, माकडे आणि कोळी यांच्यावर बोलणे चालू असायचे आणि प्रत्येक वक्त्याच्या वाट्याला प्रश्नोत्तरांसकट जेमतेम पंधरा मिनिटे यायची. अशा ठिकाणी गेलेल्या पाहुण्याला पहिल्या तासातच सुचतो तो विनोद, म्हणजे इथे माणसांच्याच वर्तनाचा अभ्यास करायला हवा हा, लेकीने मला गाडीतच करू नकोस म्हणून बजावले होते. तिच्या मते तो कॉफीच्या प्रत्येक रांगेत रोज एकदा तरी होतो.

माझी खरी परिषद मात्र त्याच्या आठवडाभर आधी, लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झाली होती. मी पुण्यात ३४ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले आहे, आणि बारीक पाहण्याची सवय असलेला माणूस म्हणून लेकीने मला, अर्थात फक्त सरावापुरते, दुसरी निरीक्षक नेमले. करड्या खारीची दहा मिनिटांची चित्रफीत आणि सोबत वर्तनसूची असे तिने माझ्यापुढे ठेवले. प्राणी जे जे करतो त्याची आधी यादी करायची आणि प्रत्येक कृतीची व्याख्या अशी बांधायची, की पाहणारा बदलला तरी नोंद बदलू नये, हे त्या सूचीचे काम. मी सूचीवरून नजर फिरवली आणि आपल्या पद्धतीने लिहायला लागले. पहिल्या मिनिटाची माझी नोंद अशी होती: ‘खार दाणा घेऊन आली, सावध झाली, जरा विचार करत बसली आणि मग खट्याळपणे पळाली.’

लेकीने पेन्सिल घेतली. ‘सावध झाली’ खोडून तिने वर लिहिले, ‘मागच्या पायांवर उभी, एक पंजा छातीशी, ४ सेकंद.’ ‘विचार करत बसली’ खोडून लिहिले, ‘हालचाल नाही, ७ सेकंद.’ ‘खट्याळपणे’वर तिने काहीच लिहिले नाही, गाळण्याची ती वळणदार खूण, जी तिने लहानपणी माझ्याच टेबलाशी बसून शिकून घेतली होती, फक्त तेवढी केली. उभ्या आयुष्यात लेखकांच्या ‘नितांतसुंदर’ आणि ‘हृदयस्पर्शी’ यांच्यासमोर समासात प्रश्नचिन्ह करण्यापलीकडे मला अधिकार नव्हता, आणि ही मुलगी माझे क्रियाविशेषण सरळ उडवून मोकळी झाली.

पुढे चित्रफितीत खारीने जमीन उकरली, तोंड खड्ड्यात घातले, माती लोटली, वरून पंजांनी थोपटली आणि निघून गेली. दाणा तिच्या तोंडातच होता. मी अर्थातच ‘लबाड’ म्हणाले. तेव्हा लेकीने मला २००८ मधला एक शोधनिबंध दाखवला. करड्या खारी असे रिकामे खड्डे उकरून बुजवतात हे त्यात नोंदवले होते आणि बघणाऱ्या चोरट्यांपासून दाणे वाचवण्याचा तो प्रकार असू शकेल असे सुचवले होते, परंतु ही फसवणूक आहे का, हे त्याच्या शीर्षकातच प्रश्न म्हणून विचारलेले होते. शीर्षकाच्या शेवटचे ते प्रश्नचिन्ह पाहून मला जुना सहकारी भेटल्यासारखे वाटले.

मग आमच्या दोघींच्या नोंदी ताडून पाहिल्या. दोन निरीक्षकांचे निव्वळ योगायोगाने जेवढे जुळेल तेवढे वजा करून उरलेले किती जुळते, हे सांगणाऱ्या आकड्याला कप्पा म्हणतात. पूर्ण जुळले तर तो १ येतो. आमचा ०.४१ आला. लेक म्हणाली, पहिल्या वेळेला वाईट नाही, पण ‘वाईट नाही’चा अर्थ मला नीट कळतो. खिळे जुळवण्याच्या काळात छापखान्यात एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा गॅलीवर, म्हणजे तपासणीच्या कच्च्या छापावर, डोळा ठेवायचा, कारण एकट्या माणसाचा डोळा छापलेला शब्द वाचत नाही, त्याला अपेक्षित असलेला शब्द वाचतो. खारीच्या बाबतीत माझ्या डोळ्याने नेमके तेच केले होते.

या तयारीनिशी गेल्यामुळे शिकागोत मला विषय निम्मे समजले नाहीत तरी शब्द ऐकू येत होते. कुठल्याही दालनात बसा, कोणी ‘माकड रागावले’ असे म्हणत नव्हते. माकडाने दात दाखवले, इतक्या वेळा, इतक्या अंतरावरून, असे म्हणत होते. राग हा शब्द वापरायचाच असेल तर त्यावर जकात होती, आणि ती मोजमापाच्या रूपाने आधी भरावी लागत होती. लॉइड मॉर्गन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच नियम घालून दिला होता की जे वर्तन साध्या क्षमतेने उलगडते त्यासाठी वरच्या दर्जाची बुद्धी गृहीत धरू नये. हा नियम न पाळल्याचे उदाहरण म्हणून बर्लिनच्या हान्स या घोड्याची गोष्ट या लोकांमध्ये कीर्तनातल्या आख्यानासारखी पुन्हा पुन्हा सांगितली जाते. त्याला बेरीज विचारली की तो खूर आपटून उत्तर द्यायचा आणि लोक त्याला हुशार हान्स म्हणायचे. ऑस्कर फुंग्स्टने १९०७ मध्ये दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नाही. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या डोक्याची नकळत होणारी बारीकशी हालचाल टिपून तो थांबत असे. मला यात हान्सची बाजू घ्यावीशी वाटते. जी हालचाल करणाऱ्यालाही कळत नव्हती ती त्याला दिसत होती. ‘हुशार’ हा शब्द खोटा नव्हता, तो गणिताच्या रकान्यात पडला होता इतकेच.

जकात भरून आत आलेले शब्दही आहेत, आणि त्यांतला एक मला फार आवडला. फ्रान्स द वाल यांनी १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या आर्नहेमच्या प्राणिसंग्रहालयात पाहिले की भांडण झालेले दोन चिंपांझी थोड्याच वेळात एकमेकांजवळ येतात, मिठी मारतात, मुका घेतात. त्यांनी याला चक्क दिलजमाई म्हटले. ‘संघर्षोत्तर संपर्क’ यासारखा, कोणाच्याही डोळ्यांत पाणी आणणार नाही असा शब्द हाताशी असताना दिलजमाई कशाला, हा आक्षेप आलाच. तेव्हा भांडणानंतरची काही मिनिटे आणि भांडण न झालेल्या दुसऱ्या दिवशीची तेवढीच मिनिटे शेजारी शेजारी ठेवून मोजण्याची पद्धत बसवली गेली. जे दोघे भांडले तेच नेमके एकमेकांकडे नेहमीपेक्षा लवकर जातात असे आकड्यांनी म्हटले, आणि शब्द टिकला. एका शब्दासाठी इतके कष्ट घेतलेले मी आमच्या व्यवसायात क्वचितच पाहिले; तिथे शब्दाचा निकाल बहुधा पान किती उरले आहे यावर लागतो.

संध्याकाळी मोठ्या दालनात भित्तिपत्रके लागत. प्रत्येकासमोर त्याचा कर्ता उभा असायचा आणि आपण नजरेला नजर दिली की बोलायला लागायचा, म्हणून मी पहिल्या दिवशी जमिनीकडे पाहत फिरले. दुसऱ्या दिवशी लेकीने तिच्या ओळखीच्या एका जर्मन मुलाशी गाठ घालून दिली. तो पक्ष्यांवर काम करत होता, आणि मी पुण्याची आहे हे कळताच त्याने एका शोधनिबंधाचे नाव घेतले. पुण्याच्या मिलिंद वाटवे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या निबंधात एक साधा प्रयोग आहे. मातीच्या दरडीत बोगद्यासारखे घरटे करणारा एक छोटा हिरवा पक्षी, घरट्याजवळ शत्रू ठरू शकेल असे कोणी असले तर आत जायला कचरतो. मग माणसाला जवळपास सारख्याच अंतरावरच्या दोन जागांवर आळीपाळीने उभे केले. एका जागेवरून घरटे दिसत होते, दुसऱ्या जागेवरून आड येत होते. जिथून घरटे दिसत नव्हते तिथे माणूस असताना पक्षी आत जास्त वेळा गेला. म्हणजे समोरच्याला काय दिसते आहे याच्याशी त्याचे वागणे जुळत होते.

त्या मुलाने विचारले, तुमच्या भाषेत या पक्ष्याला काय म्हणतात? मी म्हणाले, वेडा राघू. त्याने अर्थ विचारला आणि मला तो सांगावा लागला. तारेवर बसलेला हा पक्षी एकदम सुटतो, हवेत गिरकी घेऊन माशी टिपतो आणि पुन्हा येऊन तारेवर बसतो. कोणीतरी कधीतरी हे पाहिले, त्याला वेड म्हटले आणि रंगावरून राघूही केले. पोपटाशी त्याचा काही संबंध नाही आणि वेडाशी तर त्याहून नाही. नावात शब्द दोन आणि दोन्ही चुकीचे! आमच्याकडे अशा नोंदीसाठी पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडतात. तो मुलगा मोठ्याने हसला आणि त्याने ते नाव वहीत लिहून घेतले. मी त्याला ‘वे’वरची मात्रा दाखवून दिली.

रात्री खोलीवर मला आपल्या भाषेतले सगळेच प्राणी आठवत राहिले. धूर्त कोल्हा, ढोंगी बगळा, मूर्ख गाढव, अभद्र घुबड, उद्योगी मुंगी: बिचाऱ्यांचा निकाल आपण केव्हाच लावून टाकला आहे, आणि पुरावा म्हणून एक एक म्हण जोडली आहे. पण विशेषणे साफ हद्दपार करावीत असेही मला वाटत नाही. जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींना आकडे देण्याऐवजी नावे दिली तेव्हा जाणकारांनी नाके मुरडली होती, पण नाव दिल्यामुळेच एकाचा स्वभाव दुसऱ्याहून वेगळा दिसू लागला. कोरडेपणाचाही एक आंधळेपणा असतो. तेव्हा बंदी नको, जकात असावी.

लेकीचा निबंध शेवटच्या दिवशी, जेवणानंतरच्या सुस्त वेळेला होता. मी मागून तिसऱ्या रांगेत वही घेऊन बसले. ती बोलली, तीन जणांनी प्रश्न विचारले, एकाने प्रश्नाऐवजी स्वतःच्याच कामाची माहिती दिली, आणि घंटा झाली. बाहेर आल्यावर तिने माझ्या हातातून वही घेतली आणि उभ्याउभ्या वाचली. त्यात लिहिले होते: ‘डावा हात पाण्याच्या बाटलीवर, ९ मिनिटे. पाणी प्यायली नाही. केस कानामागे, ४ वेळा. तिसऱ्या चित्रानंतर आवाज खाली, सहाव्यानंतर पुन्हा वर. दुसऱ्या प्रश्नाला उत्तरापूर्वी ३ सेकंद शांत. छान बोलली.’

‘मग मी घाबरले होते की नव्हते?’ तिने विचारले. मी म्हणाले, दुसरा निरीक्षक नव्हता, सांगता येत नाही.

तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि शेवटच्या ‘छान’वर गाळण्याची खूण केली. मी तिला सांगितले की या वाक्यात ते विशेषण नाही, क्रियाविशेषण आहे. ती म्हणाली, ‘खट्याळपणे’सुद्धा क्रियाविशेषणच होते. मग थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि खोडलेला शब्द जसाच्या तसा ठेवायचा असला की आम्ही त्याच्याखाली देतो ती टिंबे तिने एकेक करून ‘छान’च्या खाली दिली.