आमची वाटचाल : चादरीपासून विमानातल्या झुलीपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे ६ यंत्रमाग आहेत. वडिलांच्या काळात त्यांवर जेकार्डच्या चादरी आणि टर्किश टॉवेल निघायचे. चादरीचा उठाव कमी झाला त्या सुमारास अकलूजच्या घोडेबाजारातल्या एका व्यापाऱ्यानं झुली शिवून मागितल्या, आणि आम्ही घोड्यांच्या कामात पडलो. पुढं मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत परदेशी ऑर्डरी येऊ लागल्या.

खरं शिक्षण झालं ते एका ऑर्डरीत. इंग्लंडमधला एक स्टड, म्हणजे घोड्यांची पैदास करणारा फार्म, कायमचा ऑस्ट्रेलियाला चालला होता. घोड्या, शिंगरं, पोनी मिळून २२ जनावरं, सगळी विमानानं. प्रवासात घालायला झुली हव्यात, एवढाच निरोप. इतक्या उंचावर गारठा असणार, असं धरून आम्ही अस्तर लावलेला जाड नमुना पाठवला. तो परत आला. चूक आमचीच होती, विचारलंच नव्हतं.

सोबतची मेल मी चार वेळा वाचली. मालवाहू विमानात एकेका कप्प्यात तीन-तीन घोडे खेटून उभे असतात. त्यांच्या अंगाची ऊब इतकी, की थंडीपेक्षा उकाड्याचीच भीती जास्त, त्यातही विमान जमिनीवर थांबलेलं असताना. दुसरं म्हणजे मान. एक दिवसाहून लांबचा प्रवास, त्यात मान सतत वर राहिली तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही, फुफ्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. म्हणून दोर सैल ठेवतात, गवत भिजवून देतात. आणि आमची गळपट्टी नेमकी मान खाली घालू देत नव्हती! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी टर्किश टॉवेलचंच पातळ कापड काढलं. घाम टिपतं, वारा जाऊ देतं. ते घेऊन शिलाईवाल्या मावशींसोबत ओळखीच्या एका वरातीच्या घोडीकडं गेलो. मावशींनी झूल घातली आणि घोडीच्या पुढ्यात जमिनीवर मेथीघासाची पेंढी टाकली. घोडीनं मान खाली घातली तशी शिवण खांद्यावर ताणून पांढरी पडली. मावशींनी तिथंच खडूनं खूण केली आणि छातीशी दोन्ही बाजूंना कळ्या, म्हणजे कापडाचे जादा तिकोनी तुकडे, घातल्या.

पोनीनं वेगळाच घोळ घातला. उंचीला १४.२ हातांपर्यंतचं (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा, १४.२ म्हणजे १४ हात २ इंच), म्हणजे १४८ सेंमीपर्यंतचं जनावर, पण पाठ आणि छाती रुंद. घोड्याचं माप नुसतं लहान करून भागत नाही. पोनीच्या मापाचे कागद नव्यानं कापले.

रंगही पक्का लागला. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात घोड्यांचा इन्फ्लुएन्झा शिरला, त्यानंतर तिथं विलगीकरणाचे नियम फार कडक झाले. मेलबर्नजवळ मिकलहॅमला घोडे किमान १४ दिवस ठेवतात, सामान जंतुनाशकानं धुतात. आम्ही नमुना गरम पाण्यात दहादा धुऊन पाहिला.

पुढं त्यांनी फोटो पाठवला. निळी झूल घातलेला एक बुटका पोनी जमिनीवरचं गवत खातोय, मान पार खाली. तो वडिलांच्या खोलीत लावलाय.

आता ३ माग याच कापडावर चालतात. कळ्या अजूनही मावशीच बसवतात.